गेटं बंदच राहतील

२ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. धरणावर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचा अनुभव वाया जाता कामा नये. चाळीस वर्षांच्या पावसाची सरासरी काढून तक्ता केला, लॅमिनेट करून कंट्रोल रूममध्ये लावला. पंधरा सप्टेंबरला पाऊस संपतो, त्या दिवशी धरण काठोकाठ. विषय संपला.

५ सप्टेंबर
नवी ज्युनिअर इंजिनिअर म्हणते, सर, हवामान बदललंय. पाऊस आता उशिरा येतो आणि एकदम कोसळतो. अंदाज बघून आत्ताच पाणी सोडू, दोन मीटर जागा रिकामी ठेवू. लॅपटॉपवर रंगीबेरंगी नकाशे. म्हणालो, पाणी सोडायला अक्कल लागत नाही, साठवायला लागते. तिचा चेहरा पडला. वाक्य झकास होतं.

९ सप्टेंबर
ताईचा फोन. धरणाच्या खाली, नदीकाठी तिचं घर. मागे भावोजींची रोपवाटिका. विचारत होती, रोपं वर हलवू का? म्हटलं, गेटवर तुझा सख्खा भाऊ बसलाय, खुशाल राहा. बायको म्हणाली, जबाबदारी घेताय खरी. घेतोच!

१५ सप्टेंबर
धरण काठोकाठ. ज्युनिअरला स्वतःहून चहा पाजला. मन मोठं असावं लागतं.

१९ सप्टेंबर
पाऊस. तक्त्यात नाही, म्हणजे टिकणार नाही.

२० सप्टेंबर, सकाळी ९
टिकलाय. ज्युनिअर तीनदा येऊन गेली. आत्तापासून थोडं थोडं सोडू म्हणते. संकल्प: दबावाला बळी पडायचं नाही.

दुपारी १
एक गेट जरासं उघडलं. याला बळी पडणं म्हणत नाहीत.

दुपारी ४
पाचही गेटं पूर्ण उघडी. दुसरा इलाजच नव्हता. ताईला केलेला फोन चौथ्या वेळी लागला. भावोजी ओरडले, अंगणात पाणी आलंय. गच्चीवर जा म्हणालो. शाल गुंडाळून बसलोय. गारठा आहे.

२२ सप्टेंबर
माणसं सगळी सुखरूप. ताईच्या घरात कमरेइतकं पाणी होतं. रोपवाटिका उरली नाही. चौकशी लागली. गेटचा चार्ज ज्युनिअरकडे. तिने पहिल्याच दिवशी माझा तक्ता भिंतीवरून काढला. काढू दे! सरासरीत यंदाचा पाऊस मिळवून बघितला, आकडा जेमतेम हलतो. म्हणजे तक्ता बरोबरच होता. चौकशीत हे ठणकावून सांगणार. चार पानी उत्तर तयार.

२३ सप्टेंबर
ताई आणि भावोजी आमच्याकडे राहायला आले आहेत. भावोजी माझ्याशी बोलत नाहीत. ताई अंगणात ओल्या गाद्या उलटत होती. तिला चारही पानं वाचून दाखवली. पुराव्यानिशी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, असा पाऊस येईल हे तुला कुणीच सांगितलं नव्हतं का रे?

तिच्याशी खोटं बोलता येईना. पानं फाडली, उत्तर पुन्हा लिहायला बसलो. तासाभरात एकच ओळ झाली आहे.

हो, सांगितलं होतं.