सहा मीटर कापड

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. धाकटीचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी, दुपारी. तिनं तुला फोनवर सांगितलं असणारच. तुम्ही दोघी बहिणी माझ्या चोरून बोलता, हे मला चांगलं ठाऊक आहे. दुकानात मशीनवर बसलेली असते म्हणून काय मला ऐकू येत नाही?

नवरामुलगा वायरमन आहे. कमी बोलतो, पण दिलेलं काम विसरत नाही. दोघांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, कुणापुढे हात पसरायचा नाही, साठवलंय तेवढ्यातच लग्न. पाहुणे साठ, वर एकही नाही. मग काय, तुझे बाबा पेन्सिल घेऊन बसले आणि तासाभरात यादी एकशे चाळीसवर नेली. नुसते डेपोतले ड्रायव्हरच अकरा! त्यातले दोघे वारलेत, हे मी सांगितलं तेव्हा कुठे त्यांची नावं खोडली. हॉल वाचनालयाचा, वरच्या मजल्यावरचा. भाडं नाही, त्या बदल्यात बाबांनी तिथल्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करून द्यायच्या. रोज सकाळी हातोडी घेऊन निघतात, स्वारी भलतीच खुशीत आहे. दिव्यांच्या माळा नवरदेव स्वतः लावणार. निदान लग्नाच्या दिवशी तरी शिडीवर चढू नकोस बाबा, असं मी त्याला बजावून ठेवलंय. पत्रिका छापायच्या नाहीत, सगळ्यांना फोनच करायचे.

कपडे अर्थातच माझ्याकडे. धाकटीचा लग्नाचा पायघोळ झगा मी शिवायचा, हे न बोलताच ठरलेलं होतं. घाऊक दुकानात ताग्याचं उरलेलं टोक मिळालं. मोतिया रंगाचं, अंगावर सुरेख पडणारं कापड, सहा मीटर. अगदी बेताचं. मापवही उघडली, टेबलावर कापड पसरलं, खडूनं खुणा केल्या आणि कापलं. नुसतं टाचून अंगाला लावून बघायला धाकटीला बोलावलं, तर खांद्यातच अडकलं. मी तुझ्या पानावरचं माप घेतलं होतं. वहीत तुमची पानं समोरासमोर आहेत ना! ती खांद्यानं रुंद, तू अरुंद आणि चार बोटं उंच. शिलाईत माया सोडलेली असते, पण एवढी कुठून आणणार? तीस वर्षांत गिऱ्हाइकाचं वीतभर कापड वाया घालवलं नाही, आणि पोटच्या पोरीचं घालवलं. बाबांनी मला चष्मा बदलायला सांगितलं. धाकटी चकार शब्द बोलली नाही. फोटोग्राफरसाठी बाजूला काढलेले पैसे तिनं माझ्या हातावर ठेवले आणि नवं कापड आणायला लावलं. तिचा झगा आता तयार आहे. फोटो नवरदेवाचा मित्र काढणार. त्याच्या फोटोत माणसांची डोकी सापडत नाहीत म्हणे.

फोटोवरून आठवलं. तुझ्या लग्नाला बाबा एकटेच आले होते. जावई बिजवर म्हणून मी हट्टाला पेटले. तुझ्यासाठी एक टाकासुद्धा घालणार नाही, असं तुला तोंडावर सुनावलं, आणि त्या दिवशी दुकान उघडून लोकांच्या पँटी आखूड करत बसले. बाबांनी आणलेला फोटो मी पाहिलाच नाही, असं तुला वाटत असेल. पाहिला. भाड्याचा झगा, खांद्यावरून घसरलेला, डाव्या बाजूला सेफ्टी पिन. शिवणाऱ्या बाईची पोर पिन लावून लग्नाला उभी! सहा वर्षं झाली, ती पिन माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही.

आता खरं ते सांगते. चूक झाली ती फक्त पुढचा भाग कापेपर्यंत. खांद्याशी कात्री वळवतानाच मला कळलं होतं की हे धाकटीचं नाही, तुझं आहे. थोडी जोडाजोड करून उरलेल्या कापडात तिचं भागवता आलं असतं. मी कात्री खाली ठेवली, वही पुन्हा बघितली, आणि पाठ, बाह्या, घेर, सगळं तुझ्याच मापानं कापलं. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. धाकटीनं ओळखलं असावं, नाहीतर ती गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तुझा झगा शिवून हँगरला लावलाय. दुसऱ्या कुणाला तो होणार नाही. अंग बदललं असेल तर दोन दिवस आधी ये, मी उसवून नीट करीन. चुकले मी, ठमे. साठांत तुम्ही दोघं आहात. बाबांची सगळी यादी पेन्सिलीनं आहे, तुमची दोन नावं तेवढी पहिल्या दिवसापासून पेनानं लिहिलेली. जावयांचं माप मात्र माझ्या वहीत नाही. छाती, खांदा, बाहीची लांबी आणि उंची, एवढं लगेच लिहून पाठव. शर्टाचं कापड आणून ठेवलंय.

तुझीच,
आई