वाटाडीचे सर्व भाग, शेवटचाही

मी, पुस्तकबांधणीचा धंदा करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी बांधणीचा भाव करून पाहावा.

कलम १. खालचे दुकान, वरच्या दोन खोल्या आणि बँकेतील ठेव माझ्या भाचीस. "मावशी, मला काही नको गं," असे ती म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम २. कागद कापण्याचे यंत्र, दाबाचे यंत्र व सर्व सुया माझ्या हाताखाली शिकलेल्या कारागिरणीस. शेजारच्या छापखानेवाल्यास काहीही देऊ नये. माझी चांगली कात्री त्याने मी जिवंत असतानाच वारसाहक्काने नेली आहे.

कलम ३. 'मेघदुर्गाची वाटाडी' ही कादंबरीमाला, निळ्या कापडी बांधणीतले सर्व भाग, माझ्या धाकट्या भावास, म्हणजे ढब्बूस. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, वकीलबाईंनी नाक मुरडले तरी.

वर्षाला एक छोटेखानी भाग निघे. आमचा नियम असा की, मी घडी घातलेल्या छापील पानांचे फर्मे शिवायचे आणि त्याने मोठ्याने वाचायचे; एकट्याने पान उलटायचे नाही. डोंगरवाटा दाखवणारी ती पोर आणि शापाने लांडगा झालेला तिचा सोबती, यांच्यामागे आमची तरुणपणाची वर्षे गेली. आई गेली त्या वर्षीही भाग चुकला नाही. शेवटचा आला तेव्हा मी गिऱ्हाइकाकडे गेले होते. परतले तर हा वाचून बसलेला, डोळे लाल.

"ताई, तू वाचू नकोस. पार माती केलीय शेवटाची."

"माझ्याशिवाय वाचलंसच कसं?"

"राहवलं नाही गं."

"मग आता माझ्याशिवायच राहा."

तो राहिला. दुसऱ्या गावी नोकरी धरली, संसार केला. लग्नाकार्यात भेटतो तेव्हा "बरी आहेस?" "आहे" एवढेच होते.

तो भाग मी दुसऱ्याच दिवशी वाचला. आदल्या भागात पहिल्यांदा तोंड दाखवलेल्या राजपुत्राशी वाटाडीचे लग्न लागते आणि लांडग्याचे काय झाले हे लेखक सांगायलाच विसरतो. ढब्बूचे खरे होते. पण तो भिकार शेवट आम्ही मिळून वाचला असता, लेखकाला शिव्या घातल्या असत्या, पोट दुखेपर्यंत हसलो असतो, लांडग्यासाठी रडलोही असतो. ती संध्याकाळ माझी राहून गेली. अजूनही सुई ओवली की मला त्याची फार आठवण येते.

वकीलबाई सांगतात, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचे मिळणे रद्द होते. हे मला आज कळले आणि बरे वाटले.

कलम ४. कलम ३ रद्द. ढब्बूस मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. त्याने साक्षीदार व्हावे, त्यासाठी इथे यावे आणि पुस्तके माझ्या हातून घ्यावीत. आधी शेवटचा भाग मोठ्याने वाचावा लागेल; मी शिवत बसेन. फोन करणे मला जमणार नाही. याची प्रत उद्या टपालाने त्याच्याकडे जाईल.

सही: (त्याच्यासमोर करीन)
साक्षीदार पहिली: वकीलबाई
साक्षीदार दुसरा: माझा भाऊ
ठिकाण: दुकान, बांधणीचे टेबल
दिनांक: तो येईल तो