शिवेवरचा राखणदार

५ ऑक्टोबर, रविवार
ऋतुजाने डोहातल्या बाईचं चित्र पाठवलं. केस पाण्यावर पसरलेले, चेहरा नाही. मी लिहिली होती त्यापेक्षा बरी उतरलीय. ऋतुजा नाशिकला, मी महाडात, भेट एकदाही नाही. तरी माझी भुतं माझ्यानंतर पहिल्यांदा तीच बघते.

माझ्या भावाचा, मिलिंदचा, कल्याणहून फोन. "तुम्ही नेमकं काय करता गं त्या फोनवर?" समजावलं. परदेशी खेळ आहे. एक जण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, अडलं की फासे टाकतात. गावात भूत असतं. त्याला मारायचं नसतं, त्याचं काय राहून गेलंय ते शोधायचं. खेळ आवडणारे आम्ही काही जण मिळून आपल्याकडच्या भुतांचं पुस्तक करतोय. फुकट वाटायचं. खेळ काढणाऱ्यांची त्याला परवानगी आहे. पुण्याचा केदार संपादक. महाड-पोलादपूर माझ्याकडे.
सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे भुतं."
"हो. भुतं."
"अप्पांच्या घरात."
अप्पा, आमचे वडील, जन्मभर भूत नसतं सांगत फिरले. जेवलास का विचारलं.

७ ऑक्टो., मंगळ
दोन भुतं दिली, तिसरं सुचत नाही. डोहातली बाई अन् घाटातला टांगेवाला दोन्ही मीच रचलेले. केदार म्हणतो, एक तरी खरं, लोकांच्या तोंडचं हवं. शाळेत मधल्या सुट्टीत मंदाताईंना विचारलं. त्या आमच्याकडे खिचडी शिजवतात, पोलादपुरात राहतात, माहेर-सासर दोन्ही वर कुडपणला. हसल्या.
"बाई, तुम्ही इतिहास शिकवता आनि भुतं विचारता?"
म्हटलं, भुतं म्हणजे जुनी माणसंच ना.
"माझी सासू हाय की. तिला विचारा. ती थांबायची नाय."

स्टाफरूममध्ये कुणाला यातलं काही माहीत नाही. सांगायला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. नकोच.

संध्याकाळी घरी डोहातल्या बाईची वाक्यं मोठ्याने म्हणून बघत होते. शेजारच्या कांताकाकू खिडकीतून, "कोण आलंय गो?" म्हटलं, फोनवर होते. काकूंचा चेहरा जरा उतरला. मलाही वाटून गेलं, कुणी आलं असतं तर बरं.

१२ ऑक्टो., रवि
कुडपण. पोलादपुरातून जीप. मंदाताई बरोबर होत्या. वर पोचलो तेव्हा ढग खाली होता अन् ऊन आमच्याकडे. नाचणी पिवळी पडायला लागलीय. गुरं रस्त्यातच बसलेली, जीप थांबते तोवर उठत नाहीत.

सासूबाई पडवीत नाचणीच्या कणसांपाशी. कान चांगले, डोळे कमी. आधी नाव विचारलं, मग आडनाव. तांबे म्हटल्यावर जरा थांबल्या, हं म्हणाल्या. मग दोन-तीन भुतं अशीच सांगितली, सगळीकडे असतात तसली. शेवटी हे:

"शिवंवर एक हाय. तो वाईट नाय गो. धुक्यात वाट चुकलेल्याला 'इकडून, इकडून' म्हनतो. बगितलं तर कोन नाय. पन वाट बराबर लागते."
"कोण होता तो?"
"गावचा राखनदार. तुमच्यातला."
मंदाताई म्हणाल्या, "आई, चाय ठेवू?" सासूबाईंनी ऐकलं नाही की ऐकून सोडलं.
"साथ आली व्हती. लोकांनी दारं लावली. त्याला बी ताप चढला. आला, दारादारात हाका मारल्या. कोनी घेतला नाय. त्याला तसा बी कोन घेत नव्हता घरात. मंग शिवंवर जाऊन बसला. सकाळी तिथंच गेलेला."
"आणि मेल्यावर राखण?"
"सवय गो. ती कुटं जानार."
नाव विचारलं. म्हातारी विचार करत राहिली. कणीस चोळायचं थांबली.
"नाव कोन घेतंय. जातीनंच हाक मारायचे. असंल की नाव. आयबापानं ठेवलं असंल."

पोलादपूर आल्यावर मंदाताई म्हणाल्या, "म्हाताऱ्या मानसाचं काय मनावर घेऊ नका." म्हटलं, त्यांनी खरं तेच सांगितलं. ते त्यांना आवडलं का नाही कळलं नाही. महाडची गाडी लगेच मिळाली.

१६ ऑक्टो., गुरु
लिहून झालं. एका बैठकीत. याआधीची दोन्ही भुतं खोटी वाटायला लागलीत.
राखणदार. धुकं. हाक. त्याला काय हवंय? नारळ नको, कोंबडं नको. कुणीतरी त्याला नाव विचारावं आणि दार उघडावं. बस. खेळणाऱ्यांनी एवढं केलं की तो जातो. ताकद, फासे वगैरे सगळं खाली जोडलं. 'तुमच्यातला' आणि 'जातीनंच हाक मारायचे' दोन्ही तसंच ठेवलं, म्हातारीच्या तोंडी.
ग्रुपवर मी नुसती विशाखा. आडनाव कधी लागलं नाही. लावलं नाही म्हणू या.

२३ ऑक्टो., गुरु
मिलिंद, वहिनी, मुली येऊन गेले. दोन दिवस घर भरलेलं. मुलींनी फासे पळवले, वीस बाजूंचा फासा त्यांना फार आवडला.
मिलिंदने राखणदार वाचला. मीच दिला. वाचून म्हणाला,
"अप्पा वाडीवाडीवर जाऊन सांगायचे, भूत नसतं. लोक हसायचे तरी जायचे. पावसात, चालत. अन् आपण त्याच माणसाची मुलं, आपल्याच माणसाचं भूत करून लोकांना खेळायला द्यायचं?"
"भूत मी नाही केलं. त्यांनी केलंय."
"मग तू खोडायचंस. सजवायचं नाही."
वहिनी मध्ये पडली. जेवलो. निघताना त्याने नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला नाही. कदाचित पिशव्या होत्या हातात.

तो चुकीचा आहे असं म्हणवत नाही. मीही अप्पांचीच मुलगी, भूतबित मानत नाही. पण मग त्या माणसाची आठवण ठेवायला त्या गावात दुसरं काय आहे? एक हाक. तीही खोडायची?

२ नोव्हें., रवि
केदारने राखणदार तपासला. समासात: "सुंदर. तुझं सगळ्यात चांगलं." खाली: "जातीचा उल्लेख काढू या का? साथीत गेला एवढं पुरे. त्याने गोष्ट अडत नाही."
लिहिलं: अडते.
तो: "लोक रविवारी दोन घटका खेळायला येतात. अपराधी वाटून घ्यायला नाही."
ऋतुजाने तिथे अंगठा दाखवला. माझ्या वाक्याला की त्याच्या, कळत नाही. दोन्हींच्या मध्ये आहे.
ठरलं: पुढच्या रविवारी खेळून बघू, मग काय ते.

९ नोव्हें., रवि
दुपारी खेळलो. मी सूत्रधार. केदार जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस, ऋतुजा गावोगाव फिरणारी नर्स. आणखी दोघं होती, सांगलीची नवरा-बायको, तीही पुस्तकात लिहितात. घरातलं दार लावून घेतलं, काकूंना हाक ऐकू जाऊ नये म्हणून.

चांगलं खेळले. खरंच. धुकं सगळ्यांना दिसलं. मी हाक मारली तेव्हा सांगलीची बाई दचकली. राखणदाराने त्यांना कड्यावरून वाटेला लावलं, गावात आणलं. मग बसून त्यांनी ठरवलं की याचा बंदोबस्त करायचा. शिवेवर दगड पुरायचा, लिंबू, तांदूळ. मी दोनदा आडून सुचवलं. तो दाराशी उभा आहे म्हटलं. काही म्हणत नाही, नुसता उभा आहे. ऋतुजा म्हणाली, "मी दाराशी आतून मीठ टाकते."
फासा चांगला पडला. बांधला त्याला.
सगळे खूश. केदार म्हणाला, "बघ, ते काढलं तरी चालतं. आम्हाला त्याची गरज लागली नाही."
मी म्हटलं, ती गरज तुम्हाला लागणार नव्हतीच.
मग सांगलीच्यांना पाहुणे आले म्हणून ती गेली.
केदार: "म्हणजे?"
"मी तांबे. बौद्ध. महाडची. माझ्या पणज्याला अशीच हाक मारत असतील, जातीने. म्हणून तो उल्लेख काढायचा नाही."
केदार: "तू आधी का नाही सांगितलंस?" आवाज वाईट नव्हता. पण सांगितलं असतं तर काय केलं असतं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
ऋतुजाचा माईक बंद होता. तिच्या नावापुढची हिरवी खूण थोडा वेळ होती, मग गेली.
मी तशीच बसून राहिले. कॉल चालू, आत मी एकटी.

१४ नोव्हें., शुक्र
ऋतुजाचा मेसेज. मोठा. तिला फार वाईट वाटलं, मीठ टाकल्याचं अजून डोक्यातून जात नाही, ती असल्या गोष्टी मानत नाही, तिच्या घरी कधीच कुणी मानल्या नाहीत. शेवटी, "तू ठीक आहेस ना?"
लिहिलं, ठीक आहे. मग लिहिलं, चित्र काढशील का त्याचं? 
"बघते. मला भीती वाटते, चुकेल."
पूर्वी तिला भीती वाटत नव्हती. पूर्वी रात्रीत तीन-तीन चित्रं पाठवायची, एकाचा हात दुसऱ्यापेक्षा लांब, आणि दोघी हसायचो. आता माझ्याशी बोलताना ती प्रत्येक शब्द तपासून ठेवते. तिचा दोष नाही. पण मला ती आधीची हवी होती.

२३ नोव्हें., रवि
केदारचा फोन, पहिल्यांदा नुसता मला. दोन पर्याय म्हणाला. जातीचा उल्लेख काढून राखणदार पुस्तकात, नाहीतर आहे तसा, पण स्वतंत्र, माझ्या नावावर. "पुस्तकावर उगाच वाद नको, विशाखा. सगळ्यांनी दोन वर्षं घातलीयत."
सगळ्यांनी. त्यात माझीही दोन वर्षं आहेत हे त्याला म्हणायचं होतं का, की माझी सोडून?
स्वतंत्र, म्हटलं.
"डोहातली बाई आणि टांगेवाला राहू देत ना आमच्याकडे?"
राहू देत. ते तसेही कुणाचे कोणी नव्हते.

मग बाजारात गेले, उगाच. परत येताना तळ्यावर थोडी बसले. दोन बाया मुलांना अंघोळ घालून आणल्यासारखं नटवून फोटो काढत होत्या. मला म्हणाल्या, काढता का एक आमचा सगळ्यांचा. काढला. चांगला आला.

३० नोव्हें., रवि
टाकला. खेळणाऱ्यांच्या त्या पानावर जिथे सगळे आपापलं टाकतात, तिथे. चित्राशिवाय. खाली विशाखा तांबे. पूर्ण नाव तिथे लिहिताना बोट थांबलं, मग चाललं.
ऋतुजाला कळवलं. "अभिनंदन" आणि एक फूल.

४ डिसें., गुरु
कुणी काही लिहिलेलं नाही. 'भूत वाटत नाही' अशी एक ओळ, एवढंच.
केदारचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर डोहातली बाई. माझं नाव आत, आभारात आणि दोन भुतांखाली. सुरेख छापलंय हो, म्हणजे पडद्यावर. सांगलीच्यांनी सगळ्यांना वडे खायला बोलावलंय, ग्रुपवर हसणं चाललंय. मीही हसण्याचं एक चिन्ह टाकलं.

मंदाताईंना म्हटलं, सासूबाईंनी सांगितलेलं लिहिलं हो मी. "वाचून दाखवा की," म्हणाल्या. मुलं हात धुवायला गेल्यावर फोनवरून वाचून दाखवलं. खिचडीच्या टोपात डाव तसाच. संपल्यावर म्हणाल्या, "सासू हे नेहमी सांगते. आमाला वाटायचं, मुलांना भ्या घालायला." मग टोप घासायला घेतला. पाठमोऱ्या म्हणाल्या, "कोन तरी दार उघडायला पायजे व्हतं." माझ्याशी की टोपाशी.

११ डिसें., गुरु
संध्याकाळी मिलिंद. आवाज बसलेला, सर्दी म्हणाला.
"वाचलं ते पान. तू नाव घातलंस."
हो.
"अप्पा चिडले असते."
माहीत आहे.
"दोन दिवस बोलले नसते. मग रात्रभर वाद घातला असता, चहा करायला लावून." खोकला. "मला वाद घालता येत नाही तसा. मला मुद्दे आठवत नाहीत त्यांचे."
मलाही सगळे आठवत नाहीत, म्हटलं.
"थोडे मला, थोडे तुला असतील."
मागे त्याच्या मुली भांडत होत्या. मग विचारलं त्याने, तो खेळ दोघांत खेळता येतो का. येतो म्हटलं, पण एकाला सूत्रधार व्हावं लागतं.
"मी तुझ्या गोष्टीतला माणूस होणार नाही हं. मी अप्पांसारखाच येणार. भूत नाही म्हणायला."
ये, म्हटलं. तसं कुणी अजून खेळलं नाही.
शनिवारी येतो म्हणाला, सुट्टी मिळाली तर. मागच्या महिन्यातही असंच म्हणाला होता. तांदूळ जास्त आणून ठेवू का नको, ते ठरत नाही.