संत गेऑर्गचा थालर परत घे

फाइटदादा, तुझा थालर परत घे. आधी नमस्कार, वहिनीची कंबर कशी आहे, तुझा लाकडी पाय थंडीत कुरकुरतो का, हे सगळं विचारलं असं समज. आमचा मेल्खिओर आपल्या राजाच्या घोडदळात नाव घालून बसलाय (राज्य एवढंसं, सकाळी चालायला लागलं तर जेवायच्या वेळेला शेजारच्याच्या हद्दीत, पण घोडदळ पाहिजे) आणि संत मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी फ्रेंचांशी लढायला निघणार. तू मामा म्हणून मान्सफेल्डच्या टांकसाळीतलं ते चांदीचं नाणं पाठवलंस, घोड्यावर संत गेऑर्ग, टापांखाली ड्रॅगन. लिहिलंस, हे अंगावर असलं की गोळी लागत नाही आणि घोड्यावरून माणूस पडत नाही.

मी लगेच पोराच्या गळ्यात घालणार होते. पण आमचे हे पडले पिंपवाले. पाणी भरून, गळत नाही ना ते बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला पिंप देत नाहीत, तर पोराला थालर कसा देतील? "जिवाचा प्रश्न आहे, ओटिली, आधी बघून घेऊ." गोळीची परीक्षा मी करू दिली नाही. मग गिरणीवाल्याची म्हातारी घोडी आणली. जन्मात घोड्यावर न बसलेला माणूस, सदऱ्याच्या आत थालर. घोडी आधी हललीच नाही, त्यावरच हे खूश, की बघ, पडलो का. तेवढ्यात गल्लीतून हंस आले (सणाच्या जेवणासाठी पोसलेले, कुणाला न भिणारे), घोडी उधळली आणि हे कातडी कमावणाऱ्याच्या खड्ड्यात. वास अजून आहे. गिरणीवाली खिडकीतून विचारते, "योब्स्टभाऊ, ड्रॅगन सापडला का खाली?" वर येऊन म्हणतात, थालर सदऱ्याच्या आत होता, संताला बाहेरचं दिसलं नसेल. म्हणून पुन्हा, सदऱ्यावर घालून. पुन्हा खड्डा.

सराफाकडे नेला. चांदी खरी, छाप खरी म्हणाला. पडण्याबद्दल काही बोलला नाही. पाद्रीबुवांनी नाण्यावर भरवसा ठेवणं पाप आहे असं सुनावलं, आणि डोंगरातल्या गावाला घोड्यावरून जायचं होतं म्हणून तोच थालर दिवसभरासाठी मागून नेला. आणि तू स्वतः! तो घालून लढाईला गेलास नि एक पाय तिकडेच ठेवून आलास. विचारलं तर म्हणतोस, तो तोफेचा गोळा होता, थालर फक्त बंदुकीच्या गोळीचा. असला माल मला नको. या पुडक्यात चीज आहे, त्याच्याखाली थालर.

तुझी बहीण,
ओटिली

ता. क. चीज उकरत बसू नकोस, थालर त्यात नाही. मेल्खिओरच्या कोटाच्या अस्तरात शिवलाय. यांना कळवू नकोस, पुन्हा घोडी आणतील.

ता. क. तू तो गळ्यात घातला होतास आणि गेला तो पाय. म्हणजे संताचा हात खालपर्यंत पोचत नाही की काय? पोराचा कोट कमरेपर्यंतच आहे. उसवून विजारीत शिवू का? पण मग छातीचं काय? तू घातलेला आहेस, तूच सांग. मार्टिनच्या सणाच्या आदल्या दिवसापर्यंत उत्तर पाहिजे, सुईत दोरा ओवून ठेवलाय.