मीच बंद पाडलेल्या कॉलेजची विद्यार्थिनी म्हणून मुदतवाढ मिळण्याबाबत

प्रति,
मा. पुनर्विलोकन अधिकारी,
विद्यार्थी व्हिसा शाखा,
स्थलांतर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : कॉलेज सील झाल्यामुळे रद्द झालेल्या विद्यार्थी व्हिसास मुदतवाढ मिळणे व देश सोडण्याच्या आदेशास स्थगिती मिळणेबाबत.

संदर्भ : १) मुदतवाढीच्या माझ्या पहिल्या अर्जावरील आपले नामंजुरीचे पत्र.
२) कॉलेजच्या दारावर चिकटवलेली नोटीस (मूळ प्रत दारावरच आहे).

महोदय अथवा महोदया,

(खिडकीच्या काचेवर उजेड पडत असल्याने आत कोण बसले आहे हे दिसू शकले नाही. चूकभूल माफ असावी.)

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते, की मी, वय वर्षे त्रेचाळीस, एका मुलीची आई, आपल्या देशात विद्यार्थी व्हिसावर पती व मुलीसह राहते. या महिनाअखेरीस आम्हा तिघांना देश सोडण्याचा आदेश झाला आहे. तो मागे घेतला जावा एवढ्यासाठी हा अर्ज आहे. अर्ज नम्र भाषेत लिहायचा असे मी घरी कबूल केले आहे. तरीही कुठे स्वर चढल्यास ती जुन्या नोकरीची सवय समजावी.

१. मायदेशी मी अग्निशमन दलात इमारत तपासणी अधिकारी होते. शाळा, दवाखाने, चित्रपटगृहे, गोदामे येथे आग लागली तर माणसे बाहेर पडू शकतील की नाही, हे पाहणे माझे काम. माझे पती चित्रकलेचे शिक्षक. ते पाहुण्यांना सांगत, "हिला लग्नाला नेलं तर ही नवरा-नवरीच्या आधी मागचं दार बघून येते." यात अतिशयोक्ती नाही. नोकरी मला आवडत होती. परंतु मी लावलेले सील दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी फोनवरून निघे, आणि तिसऱ्या दिवशी तोच मालक मला रस्त्यात हसून नमस्कार करी. असे वर्षानुवर्षे चालल्यावर माणूस आतून कुजतो. आपल्या देशात लिहिलेल्या अहवालाची दखल घेतली जाते असे ऐकले, म्हणून आम्ही येथे आलो. ऐकलेले खरे निघाले. माझी आजची अडचण नेमकी तीच आहे.

२. या वयात नोकरीवर कोणी परदेशी बोलावत नाही, हे आम्हाला तिकडच्या व्हिसा सल्लागाराने पहिल्याच भेटीत सांगितले. त्याचे शब्द असे : "मॅडम, शिकायला म्हणून जा. दोन वर्षं कोर्स, मग वर्क परमिट, मग पीआर, म्हणजे कायमचा रहिवास. काय शिकता ते कुणी विचारत नाही, फक्त हजेरी लावा." त्याने मला केक सजावटीचा डिप्लोमा सुचवला होता, कारण त्यात जागा शिल्लक होत्या. मी इमारत सुरक्षा व्यवस्थापन निवडले. निदान जे येते ते तरी शिकू, असा विचार केला. केक सजवला असता तर आज हा अर्ज लिहावा लागला नसता, असे माझे पती म्हणतात.

३. आपल्या पत्रात म्हटले आहे, की अर्जदारास अभ्यासक्रमातील विषय आधीच अवगत असल्याने ती खरी विद्यार्थिनी वाटत नाही, तसेच तिचा येथे कायम राहण्याचा हेतू दिसतो. पहिल्या मुद्द्याबाबत खुलासा असा, की आमच्या वर्गात बँकेचे एक माजी रोखपाल, दोन मुख्याध्यापिका, एक भूलतज्ज्ञ आणि तीन मुलांचा बाप असलेला एक सर्वेक्षक आहेत. वर्गात वयाने सर्वांत लहान आमचे प्राध्यापक. कोण खरा विद्यार्थी आहे हे वयावरून पारखायचे ठरवल्यास प्राध्यापकांपासून सुरुवात करावी लागेल. दुसऱ्या मुद्द्याबाबत : व्हिसाच्या फॉर्मवर 'शिक्षणानंतर मायदेशी परतणार का' असा प्रश्न होता. सल्लागाराने 'होय' लिहायला सांगितले. मी 'शक्यतो नाही' असे लिहिले, कारण आपल्याच कार्यालयाच्या माहितीपत्रकावर 'शिका, कमवा, स्थायिक व्हा' असे हसऱ्या कुटुंबाच्या फोटोखाली छापले आहे. एकाच दारावर 'या' आणि 'येऊ नका' अशा दोन पाट्या लावल्यावर आत आलेल्या माणसाला दोष देणे योग्य होणार नाही. ते माहितीपत्रक सोबत जोडले आहे.

४. आता मूळ घटना. तिसऱ्या सत्रात प्राध्यापकांनी स्वाध्याय दिला, की आपल्या परिचयाच्या एका इमारतीची सुरक्षा तपासणी करून सक्षम अधिकाऱ्यास उद्देशून अहवाल लिहावा. इतरांनी इंटरनेटवरचे एकच हॉटेल थोडेफार बदलून उतरवले. माझ्या परिचयाची इमारत या शहरात एकच, ती म्हणजे कॉलेज. कॉलेज गाद्यांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आहे. उतरायला एकच अरुंद जिना, त्यावर दुकानातल्या गाद्या उभ्या करून ठेवलेल्या. मागच्या जिन्याचे दार खिळे मारून बंद, कारण विद्यार्थी हजेरी लावून तिकडून निसटत. हे सर्व मी नकाशासह लिहिले. प्राध्यापकांनी ते वर्गात वाचून दाखवले, सर्वाधिक गुण दिले आणि खाली शेरा मारला, 'कल्पनाशक्ती उत्तम'.

इथपर्यंत काही बिघडले नव्हते. परंतु आमच्या खात्यात अहवाल लिहून झाला, की त्याची प्रत संबंधित विभागाला जाते. प्रत न गेलेला अहवाल आमच्याकडे अहवाल धरत नाहीत, तो नुसता कागद. मी घरी आले, चहा केला, पाकिटावर येथील अग्निसुरक्षा विभागाचा पत्ता घातला आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकले. आपण आता अधिकारी नसून विद्यार्थिनी आहोत, ही गोष्ट त्या वेळी डोक्यातच आली नाही. पेटीचे झाकण पडल्याचा आवाज आला आणि मी भाजी घ्यायला गेले. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

५. मला वाटले होते, समज देतील, गाद्या हलवायला लावतील, खिळे काढतील. तपासनीस आले, त्यांनी माझा अहवाल हातात धरून एकेक बाब ताडून पाहिली आणि संध्याकाळी कॉलेज सील केले. त्यातील एका तरुण तपासनिसाने, अहवाल माझा आहे हे ठाऊक नसताना, माझ्यासमोरच सहकाऱ्याला सांगितले, की इतका स्वच्छ अहवाल त्याने पाहिला नव्हता. सतरा वर्षांच्या नोकरीत असे वाक्य माझ्या वाट्याला आले नव्हते. मी फुटपाथवर उभी राहून रडले. सोबतच्या विद्यार्थ्यांना वाटले, कॉलेजसाठी रडते आहे. पुढे संचालकांनी फोन बंद केला, कॉलेजची मान्यता गेली, आणि कॉलेजच नाही तर विद्यार्थी कसले, या न्यायाने आम्हा सर्वांचे व्हिसा रद्द झाले. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणाऱ्याची गोष्ट लहानपणी ऐकली होती. त्या फांदीवर त्याच्यासोबत पूर्ण वर्ग बसला होता, असे त्या गोष्टीत नव्हते.

६. अहवाल कोणाचा हे अर्थातच लपले नाही. मला वर्गाच्या ग्रुपवरून काढण्यात आले. रोखपाल आमच्याच भाषेचे. त्यांच्या पत्नीला सातवा महिना आहे. ते मला सील केलेल्या दारासमोर भेटले. ओरडले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "ताई, तुमचं सगळं खरं आहे. पण आम्ही कुठं जळत होतो?" त्याचे उत्तर येथे देते. प्रत पाठवण्याचा नियम आमच्या खात्यात एका शिवणकामाच्या कारखान्यानंतर आला. त्या कारखान्याची तपासणी एका सहकाऱ्याने केली होती. अहवाल बिनचूक होता आणि तो टेबलाच्या खणात होता. आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कारखान्याच्या मागच्या दाराशी उभी होते. दारावर आतून ओरखडे होते. याहून जास्त मी कोणालाच सांगत नाही, घरीही नाही.

७. नियमानुसार दुसऱ्या कॉलेजात प्रवेश मिळाल्यास व्हिसा वाचू शकतो, म्हणून मी प्रयत्न केले. पहिल्या दोन कॉलेजांनी कागद पाहताच जागा भरल्याचे कळवले. तिसऱ्या ठिकाणी प्राचार्यांनी विचारले, "त्या तुम्हीच का?" मी होय म्हटले. तरी त्यांनी बसायला सांगितले, सज्जन होते. मी ठरवूनच गेले होते, की भिंतींकडे, दारांकडे, छताकडे पाहायचे नाही. नजर जमिनीवर ठेवली. जमिनीवर बाहेर जाण्याचे हिरवे बाण रंगवलेले होते आणि ते सर्व स्वच्छतागृहाकडे जात होते. मी दहा मिनिटे गप्प राहिले. माझ्या मते हा माझा आजवरचा सर्वांत मोठा संयम आहे. निघताना सांगून टाकले. प्राचार्यांनी आभार मानले, परंतु प्रवेश दिला नाही.

८. कुटुंबाची स्थिती अशी. मायदेशी घर विकले आहे, नोकऱ्या सोडल्या आहेत, परत जायला जागा म्हणजे नणंदेची बाहेरची खोली. माझे पती येथे एका गोदामात खोक्यांवर लेबले चिकटवतात. ज्यांच्या हातच्या चित्रांची शहरात प्रदर्शने भरत, ते आता लेबल सरळ लागले की घरी येऊन सांगतात. त्यांनी मला एकदाही दोष दिलेला नाही, केकचा विषय वगळता. मुलगी बारा वर्षांची आहे. पहिले पूर्ण वर्ष ती शाळेत एक शब्द बोलली नाही. शिक्षिकेने आम्हाला बोलावून तिला ऐकू येते का असे विचारले होते. या सत्रात तिला शाळेच्या नाटकात एक वाक्य मिळाले आहे. दात घासताना, बूट घालताना, ती ते वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हणून पाहते. नाटक पुढच्या महिन्यात आहे आणि आपल्या आदेशातील तारीख या महिन्यातली. मला कायमचा रहिवास हवा आहे, तो का हवा असे आपण पत्रात विचारले आहे. त्या एका वाक्यासाठी हवा आहे. दुसरे कारण शोधले, सापडले नाही.

९. सबब विनंती की, मला नवीन प्रवेश मिळेपर्यंत मुदतवाढ द्यावी. तसे करणे शक्यच नसेल, तर माझा एकटीचा अर्ज फेटाळावा, परंतु माझ्या वर्गातील इतरांना मुदतवाढ द्यावी. त्यांनी अहवाल लिहिला नाही, पाठवला नाही, त्यांची कल्पनाशक्तीही बेताची आहे. रोखपालांचा अर्ज प्रथम पाहावा.

१०. अर्ज येथे संपवायचा असे ठरले होते. मागील आठवड्यात आम्ही तिघे आपल्या कार्यालयात टोकन घेऊन बसलो होतो. प्रतीक्षालय खच्चून भरले होते, मुलांच्या गाड्या वाटेत उभ्या होत्या. मागच्या बाजूस संकटकालीन दार आहे. त्याला सायकलची साखळी व कुलूप आहे आणि त्याच्यापुढे छातीएवढी खोकी रचलेली आहेत. त्यावर 'प्रलंबित' असे लिहिले आहे. खुर्ची नसल्याने माझी मुलगी त्यांतल्याच एकावर बसली होती. माझी नजर कुठे गेली हे पतींनी ओळखले आणि हळूच म्हणाले, "नको. या वेळी नको. एवढं एक ऐक." मी मान डोलावली. घरी आल्यावर शपथही घेतली. आमचे कागद बहुधा त्याच खोक्यांत आहेत आणि ते ज्यांच्या हाती आहेत त्यांना दुखवणे शहाणपणाचे नाही, हे मलाही कळते.

काल नाश्ता करताना मुलीने आपणहून विचारले, "आई, तिथे मागे दार होतं ना? मग त्याला साखळी कशाला?" मी पतींकडे पाहिले. ते पावाला लोणी लावत राहिले. मी तिला सांगितले, की मोठी माणसे कधीकधी विसरतात. ती म्हणाली, "मग त्यांना कुणीतरी सांगायला हवं." म्हणून सांगते आहे. खोकी आज हलवावीत, अर्जांचा निर्णय मागाहून झाला तरी चालेल. त्या खोलीत रोज आमच्यासारखी माणसे बसतात आणि ती नंबर पुकारल्याशिवाय जागची उठत नाहीत.

आपली,
नम्र राहण्याचा मनापासून प्रयत्न केलेली,
(सही)
अर्जदार
दिनांक : १२ मार्च

सोबत :
१) 'शिका, कमवा, स्थायिक व्हा' हे माहितीपत्रक.
२) स्वाध्यायाची प्रत, प्राध्यापकांच्या शेऱ्यासह.
३) मुलीच्या शाळेचे नाटकाचे निमंत्रण. आपण आल्यास आनंद होईल.
४) प्रतीक्षालयाचा नकाशा. दार लाल रंगात दाखवले आहे.

प्रत : अग्निसुरक्षा विभाग, माहिती व पुढील कार्यवाहीसाठी. (नकाशा व पाकिटावरील पत्ता माझ्या पतींच्या हातचा आहे. मी सांगितले नव्हते.)