काकांना आज चपला घालू देऊ नकोस

आत्या,

सोमवारी काकांच्या गुडघ्याच्या गोळ्यांचं नवं पाकीट उघडलं, तेव्हा त्यात दहा गोळ्या होत्या. रोज रात्री एक घ्यायची, म्हणजे आज सात उरायला हव्यात. उरल्यात चार. तीन दिवस काका मला लॅबपर्यंत सोडायला आणि आणायला चालत येताहेत, आणि वर म्हणतात, "तेवढेच माझे पाय मोकळे होतात."

चूक माझीच. रविवारी मी रस्ता चुकले आणि त्यांना शोधत यावं लागलं. "दुसऱ्या राज्यातून आलेली पोर, इथल्या भाषेचा गंध नाही, आणि निघाली एकटी," हे त्यांचं बोलणं मला आता पाठ झालंय.

तू दूध आणायला गेलीयेस, काका आंघोळीला. तेवढ्यात मी सटकतेय. डबा घेतलाय. गोळ्या मोजल्याचं त्यांना सांगू नकोस, उगाच ओशाळतील. मागे येऊ मात्र देऊ नकोस. संध्याकाळीही मी एकटीच येईन.

काळजी करू नका. काल जेवणाच्या सुट्टीत मी एकटी आपल्या फाटकापर्यंत येऊन गेले. पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून वळणं मोजली, पाच आहेत. तिसऱ्या वळणावर किल्लीवाल्याला इथल्या भाषेत विचारलं. तो पोट धरून हसला, पण रस्ता बरोबर दाखवला. सगळा रस्ता सपाट आहे. लॅबमधून घरी यायला एकोणीस मिनिटं लागली, घरून लॅबला जायला बावीस; घराकडे येताना पाय आपोआपच भरभर उचलतात.