ऊर्ध्वपातित पाणी

औरंगाबाद,
दि. १२ एप्रिल २०१६

प्रिय सुकेशनी,

अनेक आशीर्वाद. तू चितेगावास घरी बसून प्रबंधाचे शेवटचे प्रकरण लिहीत आहेस आणि सोमवारी ते तुझ्या मार्गदर्शक सरांच्या सहीसाठी आणणार आहेस, असे कळले. त्यापूर्वी हे पत्र तुझ्या हाती पडणे आवश्यक आहे. म्हणून टपालात न टाकता पैठणच्या बसमधील ओळखीच्या वाहकाकडे देत आहे. फोनवर हे बोलणे मला जमले नाही. दोन वेळा क्रमांक लावला आणि तू उचलण्यापूर्वीच बंद केला.

माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. तरी या प्रयोगशाळेत परिचर म्हणून एकतीस वर्षे झाली आणि माझ्या हातचे काचेचे भांडे कोणी पुन्हा धुऊन घेतले नाही, हे मी अभिमानाने सांगत आलो. सर्व विद्यार्थी मला मामा म्हणतात, काम सांगतात आणि निघून जातात. तू मात्र मला तुझे काम समजावून सांगितलेस. तुझी लिथियमची बॅटरी चालताना हवेतील प्राणवायू आत घेते आणि चार्ज होताना तो बाहेर सोडते. तो जेथून ये-जा करतो, तेथे जाळीवर तू चढवलेला काळा पापुद्रा असतो. वीज वाहून नेणारे ते पॉलिमर या ये-जा करण्यात टिकते की झिजून जाते, एवढाच तुझा प्रश्न. “मामा, ते टिकलं तर मी टिकले,” असे तू हसत म्हणाली होतीस. तो पापुद्रा बनवायला लागणारे, वाफ करून शुद्ध केलेले पाणी मी देत असे आणि त्या बाटल्यांवरील चिठ्ठ्यांत ‘उर्ध्वपातीत’ असे लिहीत असे. तूच मला तो शब्द शुद्ध लिहायला शिकवलास.

सप्टेंबरपासून तुझे बॅटरीचे सेल चार्ज होण्याच्या आणि उतरण्याच्या वीस फेऱ्यांच्या आत बंद पडू लागले. तू तीन वेळा सर्व काही नव्याने केलेस. सर सर्वांसमोर म्हणाले, “सुकेशनी, तुझ्या हाताला स्वच्छता नाही.” तू खाली मान घातलीस. मी तेथेच फडके घेऊन उभा होतो. नंतर तू मला म्हणालीस, “सगळं तपासलं मामा. पाणी तेवढं तपासलं नाय. ते तुमच्या हातचं आहे.” केवळ दिवाळीच्या सुट्टीतील एक खेप नव्वद फेऱ्या चालली. तेव्हा मी करमाडला गावी होतो आणि तू शेजारच्या विभागातून पाणी मागून आणले होतेस. ती एकच खेप म्हणून तू ती वगळलीस. आता प्रबंधात लिहिणार आहेस की हे पॉलिमर टिकत नाही.

ऊर्ध्वपातनाचे यंत्र तू पाहिले आहेस. एक लिटर पाणी मिळवण्याकरिता नळाचे दहा-पंधरा लिटर पाणी थंडाव्यासाठी वाहते आणि नळीतून गटारात जाते. गेल्या ऑगस्टमध्ये माझा धाकटा भाऊ रामकिसन डबा घेऊन आला होता. आमच्याकडे चराईचे रान प्लॉटांत गेले आणि उरलेल्या मेंढरांना टँकरचे पाणी पुरत नव्हते. तो त्या नळीकडे बराच वेळ पाहत राहिला. “दादा, तिथं मेंढरं जिभा काढून बसल्यात, अन् तुम्ही इथं हे असं सोडून देता व्हय?” मी त्याला यंत्राची पद्धत सांगितली. तो म्हणाला, “शिकल्याली मानसं तुम्ही.” डबा ठेवून तो गेला. आठ दिवसांनी त्याने मेंढरे विकली.

सुकेशनी, त्यानंतर मी यंत्र फार दिवस चालवले नाही. प्रथम दोन दिवस नळीतून वाहणारे पाणी पिंपात साठवले. पिंप भरून वाहू लागले, तेव्हा नळ बंद केला तो बंदच ठेवला. कार्यालयात पिण्याच्या पाण्याचे जे जार येतात, त्यांतील पाणी मी तुझ्या बाटल्यांत भरत गेलो आणि त्यांवर तू शिकवलेला शब्द सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो. ते पाणी स्वच्छ होते, परंतु त्यात क्षार होते. मला फरक ठाऊक नव्हता असे लिहिले तर ते खोटे होईल. तुझे सेल बंद पडू लागले तेव्हाच मला संशय आला होता आणि सर तुला बोलले तेव्हा खात्री झाली. तरीही सात महिने मी गप्प राहिलो, कारण माझ्या हातच्या पाण्यावर कोणी बोट ठेवावे हे मला सहन होणारे नव्हते. उरलेल्या चार बाटल्या कपाटात कुलूपबंद आहेत. किल्ली सोबत पाठवत आहे. त्या तपासून घे. ‘टिकत नाही’ असे आज लिहू नकोस. टिकेल असेही मी म्हणत नाही, ते सांगण्याचा मला अधिकार नाही. सरांना हे सर्व मी आज लेखी दिले आहे. तुझ्या नव्या खेपेसाठी सकाळीच यंत्र सुरू केले आहे. नळ पूर्ण सोडला आहे. पाणी गटारात जात आहे आणि मी त्याच्यासमोर बसून हे लिहीत आहे.

तुझाच,
कडुबा मामा